सांत्वन पूर्ण झालेलं घर

दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या खाटेवर पडल्या पडल्या भोगू शकणारा मनुष्य हा एकमेव प्राणी आहे. ही क्षमता अंगी यायला मानवजातीला लाखो वर्षं लागली. आमच्या गावाला (लांजीहून चार कोस) ती तीन वर्षांपूर्वी आली, कारण मोबाइलचा टॉवर उशिरा लागला.

त्याआधी आम्ही अगदीच मागासलेले होतो. कोणी वारलं की लोक चक्क पायी त्याच्या घरी जात. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, म्हणून शेजारी भात-वरण शिजवून नेत आणि समोर बसून खाऊ घालत. यात तांदूळ जाई, दुपार जाई, शिवाय रडावं लागे, तेही खरंखरं. हा रानटीपणा थांबवण्यासाठी मी 'सहानुभूती मंडळ' नावाचा मोबाइलवरचा ग्रुप काढला. सदस्य दोनशे चौदा. सचिव अर्थातच मी.

मंगळवारी पहाटे तेजरामजी वारले. मागे एकटी बायको, गोदाबाई (वय सदुसष्ट, शुगरची पेशंट). मुलगी सुरतला, ती शुक्रवारी पोचणार.

मंडळाची कामगिरी अभिमानास्पद झाली. पहिले जोडलेले हात चार सेकंदांत आले (धर्मेंद्र, बातमी त्याने दुपारी वाचली). लोकेशने 'दुख की इस घड़ी में हम आपके साथ हैं' असं कळवलं, तेव्हा तो सहलीला हट्ट्याच्या बावडीवर (जुनी पायऱ्यांची विहीर) फोटो काढत होता. एकाने चुकून अंगठा वर केला, पण लगेच अकरा रडकी तोंडं टाकून भरपाई केली. खांदा द्यायलाही माणसं आली, फोटोत मावतील एवढी, आणि घाटावरून परस्पर घरी गेली. एकूण सांत्वनं एकशे सत्त्याण्णव. (गोदाबाई ग्रुपमध्ये नाही. ती सगळी कै. तेजरामजींच्याच मोबाइलवर पोचली. फळीवर तो दिवसभर वाजत होता.)

आता डब्याचं. माझ्या बायकोने, मंजूने, कुकर लावायला घेतला होता. ग्रुप बघितला आणि गॅस बंद केला.

"एवढे लोक सोबत हायत म्हनतेत, त्यातल्या धा जनायनं तरी डबा नेलाच असन," ती म्हणाली.

बिनतोड विचार! उरलेल्या एकशे शहाण्णव जणांनी आपापल्या घरी बसून हाच विचार केला. इतकी माणसं न बोलता एकमताने वागतात, यालाच तर संस्कृती म्हणतात.

घोळ घातला तो दुलीचंदने. हा छपरावरची कवेलू (कौलं) फेरणारा मजूर. जवळ मोबाइल नाही, त्यामुळे सांत्वन पूर्ण झाल्याचं त्याला कळलंच नाही. बुधवारी संध्याकाळी तो अडाण्यासारखा पातेलं घेऊन गेला.

"काहून काकू, जेवल्या नाई का?"

"कोनं आनलंच नाई, बा. कालपासून गोळी मुठीत धरून बसून राह्यली. उपाशीपोटी नोको घेऊ म्हनते डाक्टर. उठाले गेली तं घेरी आली."

"मंग चूल पेटवाची!"

"मयताच्या घरची चूल मी कशी पेटवू? शेजाऱ्याची वाट पाहून राह्यली."

दुलीचंदने तिला समोर बसून भात खाऊ घातला, गोळी दिली, आणि म्हणे स्वतःही रडला. मंडळाने याची गंभीर दखल घेतली. दुलीचंदच्या नावावर एकही सांत्वन नाही. त्याला ग्रुपवर नोटीस काढली आहे.

आज गुरुवार. दुलीचंद पहाटेच लामत्याला कामावर गेला, तो रात्रीशिवाय येत नाही. दुपारचे दोन वाजलेत. माझ्या ओसरीवरून गोदाबाईचं दार दिसतं. ती चौकटीला टेकून बसली आहे, मूठ मिटलेली आहे. मला लाज वाटते असं इथे लिहिणार होतो. पण मंडळाच्या या अहवालात तसा रकाना नाही.

आपण हे वाचलंत. आपल्याला वाईट वाटलं, दुलीचंद भला वाटला, सचिव नालायक वाटला. आभारी आहे. आपली सहानुभूती एकशे अठ्ठ्याण्णव क्रमांकावर नोंदवली आहे.

राहिलं आजचं जेवण. एवढे लोक वाचताहेत, कोणीतरी नेलंच असेल.