लिंबाजीतात्यांच्या अंगावरचं गाव

लिंबाजीतात्या गावाबाहेर निघाले की त्यांच्या अंगावर निदान एक तरी वस्तू दुसऱ्याची असायचीच. कधी टोपी गणपाची, कधी उपरणं पाटलांचं, कधी तर पायातल्या वहाणासुद्धा शेजारच्या. गरिबी म्हणून नव्हे हं! तात्यांचं स्वतःचं सगळं होतं, आणि तेही धुऊन घडी घालून ठेवलेलं. पण एसटीला हात करण्याआधी ते गल्लीतून एक चक्कर मारायचे आणि ज्याला यायची हौस आहे पण येता येत नाही, असा कुणीतरी गाठायचे. "तुमास्नी जमत न्हाय न्हवं? मग टोपी द्या. टोपी जाऊन येती."

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, तुळजापूरजवळ. ज्याचे गुडघे धरलेत अशा म्हाताऱ्याचा पटका देवीच्या पायाशी लावून आणायचा, हे आमच्याकडं पुष्कळ जण करतात. त्यात काही विशेष नाही. तात्यांनी मात्र ही सोय बाजार, कोर्ट, लग्नं आणि जनावरांचं प्रदर्शन या सगळ्यांना लागू केली होती.

एकदा दत्तोबाची कोर्टात तारीख होती आणि दत्तोबा हिवतापानं कुडकुडत पडलेला. तात्या त्याचा कोट घालून धाराशिवला गेले. सरकारी कागदावर तेव्हा उस्मानाबाद होतं, पण तात्यांच्या तोंडी धाराशिवच. पट्टेवाल्यानं दत्तोबाच्या नावाचा पुकारा केला तसे तात्या आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, मानूस तापलाय. कोट आलाय." पुढची तारीख पडली. ती आजारपणाच्या दाखल्यावर पडली असं वकील सांगतात, पण तात्यांनी गावात येऊन सांगितलं, "कोटाकडं बगून दिली."

लग्नात तर कहरच. नळदुर्गकडच्या एका लग्नाला पाटलांना जाता आलं नाही, म्हणून तात्यांनी त्यांचं उपरणं नेलं. पंगतीत शेजारच्या पाटावर ते ठेवलं आणि त्याच्यापुढं पत्रावळ मांडायला लावली. वाढपी चिडला. तात्या शांतपणे म्हणाले, "नवरदेव नसला तर तलवारीसंगं लगीन लावत्यात का न्हाय? तलवारीला बायकू चालती, अन् उपरन्याला बुंदी चालत न्हाय व्हय?" वाढप्यानं पत्रावळीवर बुंदी वाढली. उपरण्याची बुंदी तात्यांनीच खाल्ली, आणि पाटलांना येऊन सांगितलं की तुम्ही पोटभर जेवलात.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. तात्या मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत, 'शेक्रेटरी' म्हणायचे. त्यांची एकच म्हैस, पण संस्थेत दूध घालायला सगळ्यांच्या आधी हजर. बायको लग्नानंतर लवकरच गेली, पुन्हा संसार मांडला नाही, मूलबाळ नाही. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं याचं मला भारी कुतूहल. किती वेळा विचारलं. उत्तर ठरलेलं, "हाजरी लागली की झालं." कुणाची हजेरी, कुणाच्या वहीत, ते काही सांगायचे नाहीत.

अशात संस्थेची सहल मंजूर झाली. कागदावर 'अभ्यास सहल', हैदराबादची एक दूध डेअरी बघण्यासाठी. पण डेअरीचा अभ्यास करायला कुणाला फुरसत होती? सगळ्यांना चारमिनार बघायचा होता, आणि त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचा होता. तिथल्या एका गाइडशी आमचं ठरलं होतं. करीमभाई त्याचं नाव. तोच शहर दाखवणार, तोच कॅमेरा चालवणार. गोवळकोंड्याला सगळ्यांचा मिळून एक फोटो, आणि चारमिनारपुढं प्रत्येकाचा एकट्याचा एक.

साल मात्र वाईट होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर आला की घागरींची भांडणं. निम्मे सभासद पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते, उरलेले जनावरांपाशी अडकलेले. नावं देऊनही लोक एकेक गळायला लागले. "माझं न्हाय जमायचं गड्या, ढोरांस्नी कोन बघंल?" म्हणताना तोंडं इतकी उतरायची की बघवत नव्हतं. आणि तात्या? तात्या गल्लीतून चक्कर मारत होते.

निघायच्या सकाळी ते एसटीपाशी आले ते डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन.

"तात्या, हे काय?"

"मान्सं," तात्या म्हणाले.

गाठोड्यात आबांचा गुलाबी पटका होता, सरपंचांचं जाकीट होतं, दत्तोबाचा तो कोर्ट बघितलेला कोट होता. पोस्टमन वाघमाऱ्यांची खाकी टोपी होती. जनाक्कांनी "बापयाला लुगडं कसं द्यावं बाई" म्हणून घोंगडी दिली होती. आणि सावळाअण्णांचा चष्मा होता. अण्णांची नजर जाऊन बरीच वर्षं झालेली. चष्मा पेटीतच पडलेला. "त्याला तर दिसंल," असं म्हणून त्यांनी तो आपल्या हातानं पुसून दिला होता. याशिवाय टोप्या, उपरणी, मफलर... मी बघायचं सोडून दिलं. प्रत्येकाला तात्यांनी शब्द दिला होता, की तुमची वस्तू अंगावर घालून चारमिनारपुढं तुमचा फोटो काढून आणतो.

"अहो, पण माणशी एकच फोटो आहे!" मी ओरडलो.

"मान्सं किती हाईत बग की," म्हणत तात्या गाठोड्यासकट आत चढले. आणि वर गाठोड्याला खिडकीची जागा दिली.

चारमिनारपाशी पोचलो तर ऊन रणरणत होतं. चोहोकडं टांगे, सायकलरिक्षा, बांगड्यांची दुकानं, माणसांचा नुसता समुद्र. करीमभाईनं खडूनं जमिनीवर एक फुली मारली. एकेकानं यायचं, फुलीवर उभं राहायचं, छाती फुगवायची. "हिलो मत! हँसो! अगला!" कामाला वाघ होता गडी. बघता बघता सगळे उरकले आणि तात्यांची पाळी आली. तात्या आबांचा पटका बांधून फुलीवर उभे राहिले.

"ठैरो," तात्या त्याला निजामाच्या वेळच्या आपल्या हिंदीत म्हणाले, "इसका हुआ तो टोपी का निकालो. फिर कोट का."

करीमभाईनं कॅमेरा खाली घेतला. "चाचा, एक आदमी, एक फोटू."

"आदमी बहोत है."

"किधर हैं?"

तात्यांनी गाठोड्याकडं बोट दाखवलं. करीमभाईनं गाठोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला सगळा प्रकार समजावून सांगितला, तर तो हसला नाही. कॅमेऱ्याची पाठ दाखवून म्हणाला, "रोल में आखरी एकिच बचा है. नया रोल आज नै मिलता, दुकान बंद. क्या करूं?"

झालं! मी तात्यांवर भडकलो. म्हटलं, "कुणाचा तरी एकाचा काढा आणि चला. डेअरीवाले वाट बघताहेत."

तात्यांचा चेहरा एवढासा झाला. रस्त्याच्या कडेला गाठोडं मांडीवर घेऊन ते खाली बसले. "कुनाचा काढू अन् कुनाचा ठिवू, शेक्रेटरी? आबाचा काढला तर जनाक्का म्हनंल, लिंबाजी मला इसरला. ही अमानत हाय लोकांची. अण्णांनी चष्मा पुसून दिलाय रं." गाडीत बसलेले आमचेच लोक खिडकीतून ओरडत होते, "तात्या, उरका!" मला राग येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

तात्यांनी गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. मग उठले आणि गाठ सोडली.

आधी सरपंचांचं जाकीट चढवलं. त्यावर दत्तोबाचा कोट. बटणं लागेनात, मी पोट दाबून धरलं तेव्हा लागली. त्यावर उपरणी, एकावर एक. गळ्यात सगळे मफलर. डोक्यावर टोप्यांची उतरंड रचली, वाघमाऱ्यांची खाकी टोपी वर आली, आणि त्या सगळ्या पडू नयेत म्हणून आबांचा पटका भोवतीनं असा आवळला की खाकी टोपीचा शेंडा दिसत राहावा. नाकावर चष्मा. खांद्यावरून घोंगडी. त्या उन्हात घामाच्या धारा लागल्या होत्या. "घोंगडीची किनार दिसती का बग," ते आतून विचारत होते. "जनाक्का किनारीवरनं वळखंल."

एव्हाना ही गर्दी जमली. बांगड्यावाले दुकानं टाकून आले. टांगे थांबले. एक पोलीस शिट्टी फुंकत आला आणि शिट्टी तोंडातच ठेवून बघत राहिला. तात्यांना फुलीवर नेऊन उभं करायला दोघं लागले, कारण चष्म्यातून त्यांना काहीएक दिसत नव्हतं.

करीमभाई हटून बसला. "चेहरा दिखना, चाचा! चेहरा किधर है?"

"चेहरा रहने दो," आतून आवाज आला. "टोपी आई क्या?"

"आई."

"चष्मा?"

"आया."

"घोंगडी?"

"सब आया, चाचा. अब सांस रोको." आणि त्यानं कळ दाबली. अख्ख्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या. एकेक कपडा उतरवून तात्या बाहेर आले, तेव्हा पाण्यातून काढल्यासारखे निथळत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "हाजरी लागली." आम्ही डेअरीवर पोचलो तेव्हा ती बंद झाली होती. अहवालात मी डेअरी बाहेरून पाहिली असं लिहिलं.

फोटो टपालानं आले. तात्यांचा फोटो सगळ्यांत चांगला निघाला होता. फक्त तात्या इतके रुंद झाले होते की चारमिनारचे दोनच मिनार दिसत होते. गावात त्यावरून शंका निघाली. "बाकीचे दोन कुठं हाईत?" तर आबा छाती काढून सांगायचे, "माझ्या पटक्यामागं."

ज्यानं त्यानं त्याची एकेक प्रत मागवली. घोंगडीची किनार बघून जनाक्का इतक्या खुलल्या की गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवायच्या, "बगा गं, हैद्राबादला जाऊन आले म्या." सावळाअण्णांनी फोटोवरून बोट फिरवलं, तात्यांनी ते बोट धरून बरोबर चष्म्यावर आणून ठेवलं. अण्णा म्हणाले, "दिसला का रं चारमिनार?" तात्या म्हणाले, "लई झ्याक दिसला."

आमच्या आईनं मात्र फोटो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यात तुम्ही कुठं आहात, तात्या?"

"म्या?" तात्या हसायला लागले. "म्या खुंटी हाय, वहिनी."

तात्यांची स्वतःची प्रत माझ्याकडंच होती. ती मी एका संध्याकाळी दारातूनच दिली, आणि पुढं सहलीच्या हिशेबावर त्यांची सही हवी म्हणून पुन्हा त्यांच्या घरी गेलो. खरं तर इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो. दूध संस्थेत भेटायचे, पारावर भेटायचे, आत जायचं कारणच पडलं नव्हतं.

एकच खोली. शेणानं लख्ख सारवलेली. तात्या जेवायला बसले होते, ताटात भाकरी आणि चटणी. फोटोला काच लावून आणली होती, पण तो भिंतीवर वर टांगला नव्हता. बसल्यावर नजरेसमोर येईल इतक्या खाली, ताटाच्या बरोबर समोर लावला होता.

"इतक्या खाली कशाला लावलाय, तात्या?"

तात्या जरा ओशाळले. मग म्हणाले, "समूर मान्सं असली की भाकर घशाखाली उतरती रं. ही काय एवढी वर्सं भिंतीकडं बगूनच खाल्ली." आणि बोटानं एकेक दाखवायला लागले. "ह्ये आबा. ह्ये दत्तोबा. ही जनाक्का. ह्ये वाघमारे, ह्येंच्यासंगं जरा सांबाळून बोलावं लागतं, सरकारी मानूस." बोट फिरत फिरत फोटोच्या कडेला गेलं आणि थांबलं. "सगळं गाव आलं बग घरात. तूच तेवढा न्हाईस. तू तर संगंच व्हतास, पर तुझं काय अंगावर घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं. तवा इचारनार व्हतो, पर तू लई तापला व्हतास."

इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस लोकांची हौस फेडतोय.

"एखादी टोपी ठिवून जातूस का?" तात्यांनी विचारलं. "जुनी असली तरी चालंल."

"टोपी कशाला?" मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. "मीच बसतो. वाढा मला पण."

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग लगबगीनं उठले. दुसरं ताट सापडायला बराच वेळ लागला. फडताळ झालं, उतरंडीमागं झालं, शेवटी माळ्यावरच्या डब्याखालून निघालं. त्यावर धुळीचा थर होता. गावात त्या दिवसांत तांब्याभर पाण्यासाठी लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि तात्या दारात बसून ते ताट पुन्हा पुन्हा धूत होते.