टिपणीस भावजींचा पुसट ठिपका

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीत पहाटे जिन्यातला दिवा विझला की समजायचं, टिपणीस भावजी गच्चीवर निघाले. बाकीच्यांनी अंधारात पाय मोडून घ्यावेत! एकदा मी ठणकावून विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, दिवा डोळ्यांवर आला, की पुढे अर्धा तास पुसट काही दिसत नाही हो."

सडाफटिंग माणूस. दिवसा कचेरीत कारकुनी आणि पहाटे घरीच भिंगं घासून केलेली दुर्बीण. शोधायचं काय, तर नवा धूमकेतू! "आधी पुसट ठिपका दिसतो. दुसऱ्या पहाटे तो सरकलेला दिसला, की वेधशाळेला तार ठोकायची. जो पहिला, त्याचं नाव." बारा वर्षं हाच उद्योग. बिल्डिंग हसायची. मी मात्र डाळ निवडता निवडता त्यांना सतरा प्रश्न विचारायची.

माझे दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट. सकाळीच भावजी दारात. "वहिनी, ठिपका! नकाशात नाही! उद्या सरकलेला दिसला, तर टिपणीस धूमकेतू!" दिवसभर माणूस जेवला नाही. तारेचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला.

आणि मेल्या कळा नेमक्या त्याच पहाटे सुरू झाल्या. हे विक्रोळीला रात्रपाळीवर. मी जिन्यातून हाका मारल्या. भावजी धडपडत खाली आले, टांगा आणला आणि सूतिकागृहाच्या बाकावर बसून राहिले. उजाडल्यावर मुलगी झाली.

"भावजी, ठिपका?"

"छे, ढग होते."

पाळी सुटल्यावर हे आले. म्हणाले, "कसले ढग? लख्ख आभाळ होतं की!"

खरे ढग आले ते त्यानंतर चार दिवस. मग पेपरात नव्या धूमकेतूची बातमी, नाव कुणा परदेशी माणसाचं. मला रडूच कोसळलं. "अहो, माझ्यापायी तुमचं नाव गेलं!"

"गेलं तर गेलं." मग खाली बघत म्हणाले, "बारशाला हिच्या कानात नाव मी सांगू?"

ह्यांना बहीण नाही हे खरं, पण आत्याचं काम पुरुषानं करायचं? बारशासाठी गावाहून आलेल्या सासूबाईंनी डोळे वटारले. मी म्हटलं, "भावजीच सांगतील!"

कडक इस्त्रीचा सदरा घालून ते पाळण्यावर वाकले. रिवाजाप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घातले, हसून हसून बेजार झाल्या. भावजींच्या तोंडून नाव काही फुटेना. पाळण्याची कड धरून ते नुसते रडत होते.