टेबलाचं दुसरं टोक

माणसाच्या मनाला स्पर्श करणं हे जगातलं सर्वांत नाजूक काम असून ते शक्यतो हातांनी करू नये. हे सत्य ध्यानात ठेवूनच पुढील निवेदन वाचावं: टपालताईंनी बुधवारी दुपारी शिंपीकाकांच्या घरी दिलेली भेट अत्यंत यशस्वी झाली. अशी कोणतीही भेट झालेली नाही.

आता या न झालेल्या गोष्टीची हकिकत.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पत्रं पाठवून सोबत देणारी एक संस्था होती. टपालताई तिथे एकोणीस वर्षं पत्रं लिहीत होत्या. दिवसाला सहा, तेवढ्यातच बोटं आखडायची. मग संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि दिवसाला चारशे पत्रं निघू लागली. एवढी एकटी माणसं यादीत नव्हती. ती शोधून आणावी लागली.

अध्यक्ष मोठे हळवे गृहस्थ. यंत्र वापरायचं ते जबाबदारीनं आणि माणुसकीनंच, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी अकरा बैठका घेतल्या. (सहाव्या बैठकीत माणुसकीची व्याख्या मंजूर झाली. सातवीत ती हरवली.) अखेर ठरलं ते असं, की पत्र यंत्रानं लिहावं, पण त्यात माणूस दिसावा. म्हणजे एक शब्द खोडलेला, सही जराशी तिरकी, आणि डाव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. डागासाठी रबरी शिक्का करून घेतला. पहिला शिक्का फारच गोल निघाला, तो अध्यक्षांनी ‘यांत्रिक वाटतो’ म्हणून परत पाठवला.

शिक्का मारायच्या कामावर टपालताईंची बढती झाली. पद: मानवी स्पर्श अधिकारी. रोज चारशे डाग पाडता पाडता स्वतःचा चहा प्यायला त्यांना काही सवड होईना.

पत्रांना आपुलकीचे गुणही यंत्रच देई. यंत्राच्या पत्रांना शंभरात सत्त्याण्णव पडत. तुलनेसाठी ताईंचं एक जुनं पत्र तपासलं. “काका, गोळ्या घेतल्या का? खोटं बोलू नका,” एवढाच मजकूर. त्याला अकरा मिळाले. ताईंना आपुलकीच्या प्रशिक्षणाला बसवण्यात आलं. शिकवणारंही यंत्रच होतं. स्वभावानं मात्र फार मायाळू.

अशात शिंपीकाकांचं कार्ड आलं. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, घरात ते आणि शिलाई मशीन. त्यांनी लिहिलं होतं, “हल्ली सुईचं नेढं दिसत नाही. कापायचं टेबल खिडकीपाशी, उजेडात न्यायचंय. एक टोक मी धरतो. दुसरं टोक धरायला कोणी येईल का?”

यंत्रानं तत्परतेनं कळवलं, “तुमच्या टेबलाच्या प्रवासात आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत.” ताईंनी डाग मारला.

काकांनी लिहिलं, “सोबत आहात तर या की.”

“आम्ही आलोच आहोत, तुमच्या मनात.” डाग.

“मनात टेबल नाही. टेबल खोलीत आहे.”

यावर यंत्रानं खोलीच्या एकांताबद्दल दीड पान लिहिलं. (आपुलकी: अठ्ठ्याण्णव.) डाग.

मग चौथं कार्ड आलं. अक्षरं एकमेकांवर चढलेली. “सुई सोडली. धंदा बंद करतोय. कात्री चांगली आहे, कोणाला हवी असल्यास सांगा.”

यंत्रानं लिहिलं, “निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा!”

ताईंचा शिक्का हवेतच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला, चपला घातल्या आणि “जरा पाय मोकळे करून येते” म्हणून निघाल्या. संस्थेपासून काकांचं घर चालत बारा मिनिटं. पत्राला तीन दिवस लागत.

“कोण?”

“संस्थेतून आलेय, काका. टपालताई.”

“चहा सांडणारी ती तूच का? पोरी, एवढा सांडतेस तर पितेस कधी?”

“ते नंतर. धरा टोक. कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका!”

“मला शिकवू नकोस. हं, उचल... अगं माझ्या पायावर नको!”

टेबल खिडकीपाशी गेलं. काकांनी तिसऱ्या प्रयत्नात दोरा ओवला आणि ताईंची उसवलेली बाही उभ्या उभ्या शिवून दिली. कात्री पुन्हा खिळ्यावर लटकवली. मग चहा झाला. कपाखाली टेबलावर एक डाग पडला. तो शिक्क्यासारखा अजिबात नव्हता.

गुरुवारी चौकशी बसली. नियमावलीत पत्र होतं, डाग होता. जाणं कुठेच नव्हतं. “ताई, उद्या सगळेच असे जाऊ लागले,” अध्यक्ष कळवळून म्हणाले, “तर आपण पत्रं पाठवायची कोणाला?” यावर उपाय म्हणून भेट झालीच नाही असं एकमतानं ठरलं. ताईंना यंत्रानं ताकीद लिहिली: “तुमच्या चुकीच्या प्रवासात आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत.” त्यावरचा डाग नियमाप्रमाणे ताईंनाच मारावा लागला.

अडचण एवढीच उरली, की भेट झाली नाही तर टेबल खिडकीपाशी गेलं कसं? कागदोपत्री ते अंधाऱ्या कोपऱ्यातच होतं. सबब, टेबल पूर्ववत ठेवावं असं काकांना प्रेमपूर्वक कळवण्यात आलं. (आपुलकी: नव्याण्णव.)

काकांचं उत्तर उलटटपाली आलं. अक्षर सुबक, ओळी सरळ. उजेडात बसून लिहिलेलं. अशा पत्राला काय करायचं हे नियमावलीत नसल्यानं समितीनं ते योग्य त्या कार्यवाहीसाठी वाचकांकडे पाठवलं आहे:

“महोदय, आदेश मान्य. एक टोक मी धरतो. दुसरं टोक धरायला आपल्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष यावं, ही नम्र विनंती. मी रोज घरीच असतो. मोबाइलवरून अंगठ्याचं चित्र पाठवू नये. त्यानं टेबल उचललं जात नाही.”