शेवटच्या रांगेतले नाना

नवरी लाजली की चिडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सुकदेव नाना.

धुळ्यातल्या आमच्या गल्लीतले निम्मे संसार नानांनी सुरू करून दिलेले. आम्ही बौद्ध. लग्न लावायला भंते मिळाले तर भंते, नाहीतर समाजातलाच एखादा जाणता, सचोटीचा माणूस बोलवायचा. त्याला आम्ही बौद्धाचार्य म्हणतो. नाना तसे बौद्धाचार्य. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, खिशात गाथांची चिमुकली पुस्तिका आणि आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला खोकले तर त्या टोकाला पोरं अभ्यासाला बसायची.

रीत अशी की वधूवरांनी आचार्यांच्या मागोमाग प्रतिज्ञा म्हणायच्या. इतर आचार्य स्वतःच खणखणीत म्हणून टाकतात, नवरी नुसती मान हलवते आणि वरून फुलं पडतात. नानांना हे चालायचं नाही. ते प्रतिज्ञा सांगायचे आणि मंचावरून उतरून थेट मंडपाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे, कानामागे हात धरून. तिथून त्यांच्या अहिराणीत आवाज यायचा, "ऐकू उनं नही!" म्हणजे ऐकू आलं नाही. "परत!"

साक्रीच्या एका नवरीला त्यांनी सात वेळा म्हणायला लावलं. आठव्यांदा ती बिचारी अशी ओरडली की बाहेर नवरदेवाचा घोडा बुजला. नाना खूश. म्हणाले, "आता हे लग्न वरच्या कोर्टातबी टिकेल!"

हे कोर्टाचं वेड उगीच नव्हतं. नानांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा देण्यात गेली. दारात उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं ओरडायची आणि आत येऊन साक्षी ऐकत भिंतीला टेकायचं. तिथं ते एकच कायदा शिकले, पण पक्का. साक्षीदारानं मान हलवली तर कोर्ट ते लिहून घेत नाही, तोंडानं सांगावं लागतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो कायदा अख्ख्या गल्लीला लावला. पोरगं मानेनं हो म्हणालं की नाना डाफरायचे, "मान काय, बैलबी हलावस. तोंडानं सांग!" स्वतःही तसेच. आईनं विचारलं, "नाना, चहा?" तर उत्तर, "होय. मी चहा घेईन. अर्धा कप." जणू समोर कारकून टिपून घेतोय.

माईकशी तर त्यांचं उभं वैर. "माईक खोटं बोलतो. पोरगी कुजबुजते अन् तो तिला गर्जायला लावतो." मंडपवाल्यानं माईक लावलाच तर नाना आधी त्याची वायर उपटायचे, मग मेणबत्ती लावायचे.

आता माझं सांगते. मी तोतरी. लहानपणापासून. लिहायला बसले की माझा हात कुणाला ऐकत नाही, हे तुम्ही बघताच आहात. पण बोलायला गेले की पहिल्याच अक्षरावर गाडी रुतते. आणि माणसं इतकी दयाळू, की माझं वाक्य तीच पुरं करतात. मी "मला पा..." म्हटलं की कुणी पाणी आणतं. मला पाटी हवी असायची. मी मुकाट्यानं पाणी प्यायची. असं किती पाणी प्याले असेन कुणास ठाऊक!

माझं लग्न ठरलं जळगावच्या प्रकाशशी. पाइपच्या कारखान्यात कामाला, सरळ मुलगा. तारीख ठरली, हॉल ठरला, आणि घरात एकच घोर लागला: लग्न लावणार कोण? नानांना बोलवावं, तर पोरीचं भर मंडपात हसं होणार. मामांनी तोडगा काढला. जळगावला एक आचार्य आहेत, वीस मिनिटांत मोकळं करतात. नवरीनं नुसती मान हलवायची. आई म्हणाली, "सुटले गं बाई!" सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण नानांना सांगणार कोण? त्यांनी तर लग्न ठरल्याच्या दिवसापासून धोतराला नीळ घालायला सुरुवात केली होती. वडील सांगायला गेले. तासाभरानं परत आले. "काय म्हणाले?" "चहा पाजला." "अन् तुम्ही काय म्हणालात?" "चहा चांगला झाला म्हणालो." मामांनी तर जळगावची एस.टी. गाठली. शेवटी मीच उठले. माझ्या लग्नाचा निरोप, म्हटलं, मीच देते.

नाना एकटेच राहायचे. दारात खाटेवर बसून शर्टाचं बटण लावत होते. मी म्हणाले, "ना... ना... त्या ज... ज..." आणि रुतले. एखाद्यानं "जळगाव?" म्हणून टाकलं असतं. नानांनी सुई खाली ठेवली आणि नुसते बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसानं आजवर माझं एकही वाक्य पुरं केलेलं नव्हतं. "घाई नही शे," ते म्हणाले. समोरच्या नळाखालची कळशी भरून वाहायला लागली तेव्हा कुठं माझं बोलणं संपलं. जळगावचे आचार्य येणार आहेत, तुम्ही नाही.

"ऐकू उनं," नाना म्हणाले. मला वाटलं, रागावले. पण ते बोलले ते भलतंच.

"आमच्या शांतीचं लग्न मीच लावलं. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मोठा मंडप, माईक, आठशे माणूस. मी प्रतिज्ञा सांगितली, तिनं मान हलवली. मी म्हटलं, लाजते. अन् पुढचं म्हणायला लागलो. जन्मभर दुसऱ्याच्या साक्षीदाराला सांगितलं, तोंडानं बोल, तोंडानं बोल. अन् माझ्या पोरीची मान मी होकार म्हणून लिहून घेतली. चार वर्षांनी तिच्या आईला कळलं, तिला ते स्थळ नको होतं. बापाला कसं सांगू, म्हणाली." त्यांनी सुई उचलली, पण दोरा ओवेना. "आता सुरतेला असते. पत्र येतं. सगळं ठीक शे, असं लिहिलेलं असतं. कागदावर काय ऐकू येतं?"

मी दोरा ओवून दिला. घरी आले आणि मेली लाज ठेवली खुंटीला. आईला सांगितलं, नानाच लग्न लावतील. पाच मिनिटं लागली सांगायला, पण सांगितलं. आई रडली, मामा भडकले. लग्नाला वेळ लागेल असा जळगावला निरोप गेला, तेव्हा प्रकाशचं उत्तर आलं, "मला कुठं गाडी पकडायचीय?" तिथंच तो माणूस मला आवडला.

लग्न मे महिन्यात. पत्र्याच्या हॉलमध्ये अंगाची काहिली. नानांनी माईकची वायर काढली, मेणबत्ती लावली, त्रिशरण, पंचशील झालं. प्रकाशनं आपलं म्हणून टाकलं. मग माझी पाळी. नाना नेहमीच्या प्रतिज्ञांच्या आधी स्वतःचं एक वाक्य घालायचे: मी माझ्या राजीखुशीनं इथं उभी आहे. ते त्यांनी सांगितलं आणि खुर्च्यांमधून चालत शेवटच्या रांगेकडे निघाले.

मी 'मी'वरच अडकले. म... म... आणि पुढं काही नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी चुकचुकायला सुरुवात केली. मामांना राहवेना. ते उठून माझ्या वतीनं म्हणायला लागले, "मी माझ्या..."

"मामा, खाली बसा!" मागून पुकारा झाला. पत्रे हादरले. "साक्षीदाराला कुणी शिकवायचं नाही!"

मामा बसले. सगळा हॉल बसला. आचारी कढई सोडून दारात येऊन उभा राहिला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगते. पण शेवटच्या रांगेत कानामागे हात धरून उभा असलेला तो म्हातारा दिसत होता, आणि त्याला घाई नव्हती. माझं एक वाक्य ऐकायला कुणी एवढं थांबलं नव्हतं. मी एकेक शब्द ओढून काढला. मी. माझ्या. राजी. खुशीनं. इथं. 'उभी'वर परत रुतले, परत ओढला. आणि शेवटचा 'आहे' असा मोठ्यांदा निघाला की माझी मीच दचकले.

सगळ्यांनी माना वळवून मागं बघितलं. आता नाना ओरडणार, ऐकू उनं की नही.

नाना तिथंच उभे. हात अजून कानामागेच, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. आणि ते मान हलवत होते. नुसती मान. खालीवर, खालीवर.

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, "ना... नाना, तों... तोंडानं सांगा!"

हॉल हसला. नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, घसा खाकरला. पण त्या पुकारा देणाऱ्या माणसाचा आवाज फुटेना. दोनदा प्रयत्न केला त्यांनी. मी थांबले. त्यांचं वाक्य मी पुरं केलं नाही.

"उनं, पोरी," शेवटी ते म्हणाले. "ऐकू उनं."

इतक्या हळू म्हणाले, की मंचापर्यंत पोहोचलंही नसतं. पण हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं.