सांगायचं राहून गेलेले आप्पा

औशात आमच्या शेजारी राहणारे आप्पा चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींसाठी लोकांच्या घरी जाऊन आभार मानतात. भांड्यांचं दुकान मुलगा बघतो. गेली तीन वर्षं आप्पांचा धंदा हाच. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म. दार वाजवायचं आणि हात जोडायचे. "लई मेहेरबानी झाली तुमची. सांगायचं राहून गेलं होतं."

लोक घाबरतात. पाढे चुकले म्हणून बदडणाऱ्या गुरुजींकडे गेले, तर गुरुजींनी आधी काठी जवळ ओढली. अंगात ताप असताना उदगीरच्या एस.टी.त खिडकीची जागा देणारा माणूस त्यांनी शोधून काढला. तो म्हणाला, "नगरपालिकेच्या निवडणुकीला उभारलात का?"

मी एकदा विचारलं, "आप्पा, जुनं आठवून जीव कासावीस होत नाही?"

"का व्हावा, सर? नुसतं गेलं गेलं म्हणून रडलं, तर मिळालं होतं हेच इसरल्यागत होतं."

मागच्या महिन्यात सकाळीच आले. "गाडी काढा. चाकूरला एक बाई हाय. तिनं मला नापसंत केलं होतं."

मी चाटच पडलो. आप्पा तरुणपणी मुलगी बघायला चाकूरला गेले होते. पोराचे कान फार मोठे आहेत म्हणून तिने साफ नकार दिला. दोन महिन्यांनी पार्वतीकाकूंचं स्थळ आलं, लग्न झालं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या.

चाकूरला त्या बाई, सुशीलाबाई, ओसरीवर मेथी निवडत होत्या. ओळख पटल्यावर त्यांनी आधी आप्पांचे कान बघितले.

"आता कशाला आलात? माझी नातवंडं कॉलेजात हायत."

"तुम्ही न्हाई म्हणलात म्हणून ती मिळाली," आप्पा म्हणाले. "छत्तीस वर्षं मिळाली. लई मेहेरबानी."

बाई खळखळून हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "तिला सांगितलं का कधी हे?"

आप्पा खाली बघायला लागले. "न्हाई. तिला शेवटपर्यंत वाटायचं, दुसरी सोय म्हणून आणली. ‘चाकूरवाली असती तर सुखात राहिला असता’ म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. ती गेल्यावर कळलं, सांगायला पायजे होतं. म्हणून आता कुणाचंच राहू देत न्हाई."

सुशीलाबाईंनी मेथी बाजूला सारली. "कशी होती हो?"

तीन वर्षांत हे आप्पांना कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आप्पा ओसरीच्या काठावर टेकले.

"कुंकू कधी मधोमध लागलं न्हाई तिचं. जरा डावीकडंच जायचं. मी सांगितलं की पुसून परत लावायची, परत डावीकडं. शेवटी चिडून कपाळच पुढं करायची."

"मग?"

"मग मी लावायचो," आप्पा म्हणाले, आणि आपल्या बोटाकडे बघत राहिले.