तारा येतोय!

वेधशाळेतले एक सहायक ताऱ्याच्या वर्णपटाचा फोटो अभ्यासासाठी घरी घेऊन गेले होते. सकाळी ऑफिसात तो टेबलावर पसरून त्यांनी वर मोजपट्टी ठेवली आणि ते खुर्चीतून ताडकन उठले. हायड्रोजनच्या चारही रेषा निळ्या बाजूला सरकल्या होत्या!

हायड्रोजनच्या रेषांच्या जागा ठरलेल्या. तारा लांब चालला असेल तर त्या तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या. सहायकांनी तीनदा गणित केलं आणि धावत संचालकांची खोली गाठली.

"सर, तारा आपल्याकडे येतोय! सेकंदाला तीन हजार किलोमीटर!"

"किती वाजता पोचेल?"

"आठ हजार वर्षं लागतील, सर."

"म्हणजे वेळ अजिबात नाही," संचालक म्हणाले. "वरच्या खात्यात फाइल हलायलाच निम्मी जातील." त्यांनी ताबडतोब तातडीचं पत्र धाडलं.

हेडक्लार्कनी हळूच विचारलं, "साहेब, तोवर माझी बदली होईल ना?"

तासाभरात अख्खं ऑफिस व्हरांड्यात येऊन भर उन्हात वर बघत उभं राहिलं. दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं, 'तारा'.

दुपारी सहायकांच्या बायकोचा फोन आला. "अहो, तो रेघांचा फोटो नेलात का? काल आईच्या हातून त्यावर चहा सांडला. तुम्हाला कळू नये म्हणून तिनं तो धुऊन इस्त्री केला."

"धुतला?"

सासूबाईंनीच फोन घेतला. "जावईबापू, एकही रेघ पुसू दिली नाही हो मी! कागद जरासा आटला, तेवढंच."

सहायकांनी फोटोची कड मोजली. शंभरात एक भाग कमी, म्हणून सगळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या. नवी प्रत काढली, तर रेषा किंचित तांबड्या बाजूला. तारा आपल्या वाटेनं निवांत लांब चालला होता.

संचालकांनी कपाळावर हात मारला. "सरकारी पत्रात सासूबाई कशा घालायच्या?" शेवटी त्यांनी एवढंच कळवलं, 'सदर तारा आता दूर जात आहे.'

आठवड्यानं वरच्या खात्याचं उत्तर आलं. तारा तत्परतेनं परत पाठवल्याबद्दल संचालकांचं हार्दिक अभिनंदन केलेलं होतं. खाली सहायकांसाठी एक ओळ होती: पूर्वपरवानगीशिवाय तारा परत का पाठवला, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.