नऊ मैल मागे मागे

यंत्राच्या मनातलं ओळखावं तर मीच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, की ते मला आपली जन्मापासूनची सगळी कहाणी सांगून मोकळं होतं. एकदा तर एका पाण्याच्या पंपाने मला मालकाच्या घरातली भांडणंही सांगितली होती. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. तो पंप आता हयात नाही.

त्यामुळे आमच्या जुन्या ट्रॅक्टरने मान टाकली आणि पेरणी दहा दिवसांवर आली, तेव्हा वापरलेल्या ट्रॅक्टरांच्या लिलावात दुसरा घ्यायला कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न काढला सूनबाईने. तिचं बालपण वडिलांच्या गॅरेजात गेलेलं. इतर मुलं बाहुल्या उघडून बघत, तेव्हा ही गिअरपेट्या उघडून बघायची.

"मामंजी, मी येऊ बरोबर?"

"कशाला? उन्हात उभी राहायला?"

"गिअरपेटी बघायला."

मी हसलो. मी असा हसलो की घरात काहीतरी बिघडतं, असा आमच्या मंडळींचा अनुभव आहे. कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "एकटे जायचं तर जा. पण गडबड झाली तर इथून पुढे या घरात यंत्राबद्दलचा शब्द सूनबाईचा. तुम्ही नुसतं बसायचं."

"कबूल," मी म्हणालो.

चाळीस वर्षं पंखा कोणता घ्यायचा, पंप कोणता बसवायचा, यावर माझाच शब्द चालत आला होता. बाकी कशावर चालतो ते विचारू नका. ही एवढी एकच गादी माझ्याकडे उरली होती.

निघताना सूनबाईने काय काय तपासायचं त्याची यादी हातात ठेवली. चांगला जाड कागद होता. लिलावात इंजिनाचं ऑइल बघताना तपासणीची पट्टी पुसायला फार उपयोगी पडला.

मैदानात सगळे ट्रॅक्टर भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे ओळीने उभे होते. मैदानावरचा माणूस एकेकावर चढायचा, इंजिन चालू करायचा आणि दहा हात मागे घेऊन दाखवायचा. तिसऱ्या ट्रॅक्टरपाशी मी स्क्रू ड्रायव्हर काढला. कान लावला. आहाहा. सायीवरून मांजर चालावं तसं इंजिन. ट्रॅक्टर मागे आला तर गिअरचा एवढासाही आवाज नाही.

"आजोबा, काय ऐकू येतंय?" शेजारच्या दूधवाल्याने विचारलं.

"अजून वीस वर्षं," मी म्हणालो.

लिलाव पुकारणाऱ्याने आधीच बजावलं होतं, "माल आहे तसा. हातोडा पडला की तक्रार नाही." हातोडा माझ्या बोलीवर पडला. आजूबाजूचे चार जण माझ्याकडे हेव्याने बघत होते, निदान मला तरी तसं वाटलं.

ट्रकवर घालून न्या, असं मैदानावरचा माणूस दोनदा म्हणाला. मी म्हटलं, असलं जनावर पाठीवरून न्यायचं नसतं, त्याच्या पाठीवर बसून जायचं असतं. फाटकाबाहेर उलटाच काढला. रस्त्यावर आल्यावर पुढचा गिअर टाकला. काही नाही. दुसरा टाकला. तिसरा टाकला. इंजिन गातंय आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. सहज मागचा गिअर टाकला तर असा सुळकन निघाला, की माझी टोपी पुढच्या दिशेने जात राहिली आणि मी मागे.

परत जाऊन सांगावं, तर दूधवाला फाटकात उभा. मी त्याला हात केला आणि तसाच निघालो. नऊ मैल, मान वळवून.

चौकात वाहतुकीच्या हवालदाराने अडवलं. म्हणजे तो आधी पुढे येऊन उभा राहिला आणि मी लांब लांब जातोय हे बघून मागून धावत आला.

"आजोबा, तोंड तिकडे, जाताय इकडे. मी अडवायचं कुठून?"

"इंजिन मुरवतोय," मी म्हणालो. "जुनं इंजिन नव्या हातात आलं की आधी मागे चालवावं लागतं."

"किती?"

"नऊ मैल."

त्याने विचार केला आणि माझ्यासाठी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. पुढच्या आठवड्यात त्या रस्त्यावर आणखी दोन ट्रॅक्टर मागे मागे जाताना दिसले म्हणतात. माझा त्यांच्याशी संबंध नाही.

अंगणात शिरलो तर मंडळी दारात.

"अहो, आल्या पावली कुठे निघालात?"

"निघालो नाही. आलो."

"मग तोंड रस्त्याकडे का?"

"सकाळी शेतावर निघायला सोपं."

"आज डोकं चालवलंत म्हणायचं," त्या म्हणाल्या. एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं. गादी शाबूत राहिली, असं म्हणून मी उतरणार, तेवढ्यात सूनबाई बाहेर आली.

"मामंजी, दोन हात पुढे घेता का? मागच्या चाकाखाली माझी चप्पल आहे."

"नवी आणून देतो."

"तीच हवी. दोनच हात पुढे."

ती चप्पल तिथे आपोआप आली नव्हती, अशी माझी आजही खात्री आहे. मी चप्पल सोडवायला मागे निघालो. घराला पूर्ण वळसा घातला, दोरीवरच्या दोन चादरी आणि एक खांब बरोबर घेतला, आणि दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा बरोबर त्याच चपलेवर थांबलो.

 सूनबाई नट खोलायचे पाने घेऊन आली, गिअरपेटीचं झाकण काढलं आणि आतून मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. लाकडाचा भुसा.

"म्हणून आवाज येत नव्हता, मामंजी. गादीवर झोपवले होते गिअर. आणि पुढचे गिअर टाकणारा काटा तुटून दोन तुकडे झालाय."

"आणि इंजिन?" मी हळूच विचारलं.

"इंजिन एकदम छान आहे."

"बघ, मी ओळखलंच होतं," मी मंडळींना म्हणालो. त्या चादरी झटकत होत्या. जरा जास्तच जोरात.

सूनबाईने वडिलांच्या गॅरेजातून दुसरा काटा आणला, सहा दिवस खपली आणि पेरणी वेळेवर झाली. बोललेला शब्द मी पाळला. आता लिलावात तीच जाते. पण मी घरी बसून असतो असं समजू नका. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. मोठं जोखमीचं काम दिलंय मला. ती ट्रॅक्टरवर चढते, मी बरोबर समोर दहा हातांवर जाऊन उभा राहतो. ट्रॅक्टर माझ्या अंगावर आला, की घ्यायचा.